निवृत्तीनंतर राहण्यासाठी सावंतवाडी की डिचोली? महाराष्ट्र आणि गोवा यांत रोजच्या जगण्यात काय फरक पडतो?

प्रश्न : कोथरूडकर

पुढच्या वर्षी मी नोकरीतून मोकळा होत आहे. पत्नीचे काम घरबसल्या संगणकावर चालते, त्यामुळे ते आणखी काही वर्षे चालू राहील; आणि आमच्याबरोबर माझी ८२ वर्षांची आई असेल. पुणे सोडून कोकणाच्या दक्षिण टोकाला स्थायिक व्हायचे एवढे नक्की झाले आहे, परंतु घर सीमेच्या अलीकडे घ्यावे की पलीकडे, यावर घरात एकमत होत नाही. माझा कल सावंतवाडीकडे आहे, तर पत्नीला डिचोलीचा परिसर अधिक आवडला आहे.

पाऊस, तांबडी माती, मासळी, सातेरी-रवळनाथाची देवळे, जत्रेतला दशावतार, चवथीची माटवी यांत मला दोन्हीकडे फारसा फरक दिसत नाही, आणि जो दिसतो त्यावरून राहण्याची जागा ठरवावी असे वाटत नाही. माझा प्रश्न कारभाराचा आहे. आजारपणात काय होते, घर किंवा जमीन घेताना कोणत्या अडचणी येतात, सरकारी कार्यालयातले काम किती सुरळीत होते आणि बाहेरून आलेल्या माणसाला वागणूक कशी मिळते? जे तिथे प्रत्यक्ष राहतात त्यांनी कृपया लिहावे. ‘दोन्ही छान आहेत’ हे उत्तर नातेवाइकांकडून भरपूर मिळाले आहे.

उत्तर १ : इन्सुलीचा

माझे घर सीमेच्या अलीकडे इन्सुलीत आणि नोकरी पलीकडे म्हापशाला असल्यामुळे दोन्ही राज्यांशी रोजचा संबंध येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्याचे क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर आहे आणि अख्ख्या गोव्याचे ३,७०२. म्हणजे आमचा एक जिल्हा त्या राज्याहून मोठा आहे. परंतु गोव्याच्या विधानसभेत ४० आमदार बसतात आणि आमच्या वाट्याला महाराष्ट्राच्या २८८ पैकी ३ येतात : कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी. गोव्यात नळाला पाणी आले नाही, तर माणूस सकाळी आमदाराच्या अंगणात उभा राहतो आणि तेवढ्याने भागले नाही तर दुपारी पणजीला जाऊन मंत्र्याला गाठतो. आमचे मंत्रालय एका रात्रीच्या प्रवासावर आहे. गावागावांतले रस्ते, विजेचे कमी दर, शाळांच्या इमारती या सगळ्यांत जो फरक दिसतो, त्याचे मूळ माझ्या मते याच जवळिकीत आहे.

मात्र ही जवळीक आपल्या माणसांपुरती असते, आणि लहान राज्याने ती तशी राखणे स्वाभाविकही आहे. गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचे कार्ड मिळण्यासाठी तेथे ५ वर्षांचे वास्तव्य लागते, आणि ज्येष्ठांना दरमहा साहाय्य देणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी, तसेच रहिवासी दाखल्यासाठी १५ वर्षांची अट आहे. साठीच्या आसपास पलीकडे गेलेल्या माणसाला तो दाखला पंचाहत्तरीला मिळेल. महाराष्ट्रात तुम्ही आजही रहिवासी आहात. शिधापत्रिका आणि मतदारयादीतला पत्ता बदलला की काम झाले.

आता दवाखान्याविषयी आडपडदा न ठेवता लिहितो. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, परंतु डोक्याला मार लागलेला किंवा हृदयविकाराचा गंभीर रुग्ण आजही बांबोळीला, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयातच न्यावा लागतो. जानेवारी २०१८ पासून तेथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्गात मोठे आंदोलन झाले आणि त्याच सुमारास तालुकाच गोव्यात विलीन करावा अशी मागणीही उठली. तिला फळ आले नाही, पण लोक इतक्या टोकाला का गेले हे इथे राहणाऱ्याला समजते.

माझे मत असे की, गोव्याचे जे काही नवख्या माणसाच्या उपयोगाचे आहे, ते अलीकडे राहूनही मिळते. मोपाचा विमानतळ मडगावकरांपेक्षा आम्हा बांदा-इन्सुलीकरांना जवळ पडतो, पेट्रोल आम्ही पत्रादेवीला भरतो आणि शुक्रवारचा बाजार म्हापशाला करतो. बाटली मात्र विनापरवाना आणू नये. उत्पादन शुल्क खात्याचा नाका आमच्याच गावात आहे. त्यामुळे सावंतवाडी किंवा बांदा.

उत्तर २ : डिचोलीकर वकील

वरील उत्तरातला वास्तव्याच्या अटींचा मुद्दा बिनतोड आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही, कारण या घरात ८२ वर्षांच्या आई आहेत. मध्यरात्री छातीत दुखू लागले तर कार्ड कोणत्या राज्याचे आहे यापेक्षा रुग्णालय किती दूर आहे हे महत्त्वाचे ठरते. डिचोलीहून बांबोळी पाऊण तासाच्या आसपास आहे आणि म्हापशाचे जिल्हा रुग्णालय, ज्याला लोक अजूनही आझिलो म्हणतात, त्याहूनही जवळ आहे. सावंतवाडीहून बांबोळीला सव्वा तास तरी धरावा, आणि पावसाळ्यात थोडा अधिकच.

परंतु गोव्यात घर घेताना घाई करू नये. आमच्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कौटुंबिक कायदा मुक्तीनंतरही चालू राहिला आहे. त्यानुसार, वेगळा करार केलेला नसेल तर विवाहानंतर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक होते. म्हणून घर वडिलोपार्जित असेल तर विकणाऱ्याची एकट्याची सही पुरत नाही. त्याच्या भावाबहिणींची लागते आणि त्यांच्या जोडीदारांचीही लागते. त्यांपैकी एक लिस्बनला आणि दुसरी लंडनला असते, आणि तिसऱ्याशी पंचवीस वर्षे बोलणे नसते. मृताच्या मालमत्तेची न्यायालयात इन्व्हेंटरी (वारस आणि वाटण्या ठरवण्याची कार्यवाही) झाली आहे का, हे विचारल्याशिवाय इसारा देऊ नये. स्वस्तात मिळणारे जुने, अंगणाचे, नळ्यांच्या छपराचे घर बहुधा याच कारणाने स्वस्त असते.

जमीन घ्यायची असेल, तर सातबाराच्या जागी येथे एक-चौदाचा उतारा असतो. त्यात कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) म्हणून कोणाचे नाव आहे का ते पाहावे, कारण १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला आहे. त्यानंतर जमीन सेटलमेंट झोनमध्ये (वस्तीसाठी ठेवलेल्या भागात) आहे, असा नगरनियोजन खात्याचा दाखला घ्यावा आणि सनद, म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी, झाली आहे का ते तपासावे. भातशेतीची जमीन २०२३ च्या कायद्यानंतर बिगरशेतकऱ्याला घेता येत नाही, तेव्हा ‘पुढे बघू’ म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे.

आणखी एक गोष्ट. डिचोली म्हणजे नेमके कोणते गाव, हे आधी ठरवा. २०१८ मध्ये थांबलेला खाण व्यवसाय आमच्या तालुक्यात २०२४ पासून पुन्हा सुरू झाला आहे. ट्रकांच्या वाटेवरचे घर पावसाळ्यात पाहिले तर हिरवेगार दिसते; तेच फेब्रुवारीत पाहा, अंगणातल्या तुळशीवर लाल थर असतो.

उत्तर ३ : पेडण्याची भाडेकरू

आम्ही ठाण्याहून पेडणे तालुक्यात आलो आणि अजून भाड्याच्या घरात आहोत. वरच्या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहिली आहे, ती म्हणजे गाडी चालवता येईनाशी झाल्यावर काय. गोव्यातली वस्ती वाड्यावाड्यांत पसरलेली आहे; दुकान, औषधे, बँक यांसाठी वाहन काढावेच लागते. संध्याकाळनंतर गावाकडची बस विरळ होते आणि पुण्यात जशी मोबाइलवरून पाच मिनिटांत रिक्षा बोलावता येते, तशी सोय खेड्यात नाही. सावंतवाडी शहरात मोती तलावाच्या आसपास घर असेल तर बाजार, डॉक्टर, वाचनालय पायी होते आणि रिक्षाही मिळते. तुमच्या सत्तरीचा विचार करून घर निवडत असाल तर मला हा फरक विधानसभेतल्या आमदारांच्या संख्येपेक्षा मोठा वाटतो. डिचोलीत राहायचेच असेल तर शहरात, बाजाराच्या टप्प्यात राहा.

वागणुकीविषयी विचारले आहे म्हणून लिहिते. शेजाऱ्यांनी आम्हाला पहिल्या चवथीपासून आरतीला बोलावले आणि मराठीमुळे कुठेही अडले नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोकणी राजभाषा असली तरी मराठीच्या वापरालाही मुभा आहे आणि पंचायतीत माझे अर्ज मराठीतच स्वीकारले गेले. मात्र मोपा झाल्यापासून येथील जमिनीचे भाव बाहेरच्या पैशाने वाढले, स्थानिकांच्या मुलांना स्वतःच्या गावात घर घेणे अवघड झाले, आणि त्याचा राग हवेत आहे. तो आमच्यावर व्यक्तिशः कोणी काढलेला नाही, परंतु ग्रामसभेत ‘भायले’ (बाहेरचे) हा विषय निघाला की मी गप्प बसते. सावंतवाडीत पुणेकराला फार तर घाटावरचा म्हणतील आणि दोन दिवसांनी विसरतील.

पत्नीच्या कामाचे म्हणाल तर पावसाळ्यात वीज दोन्हीकडे जाते. इन्व्हर्टर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची इंटरनेट जोडणी हा खर्च गृहीत धरा.

कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. गाडी चालवता न येण्याचा विचार आम्ही केलाच नव्हता, आणि आईच्या दृष्टीने वकीलसाहेबांचे म्हणणेही पटते. आता सावंतवाडी शहर किंवा डिचोली शहर, असे दोनच पर्याय ठेवतो. सावंतवाडीत मात्र कागदपत्रे सोपी असतात, असे समजून चालावे का?

इन्सुलीचा

नाही, तसे अजिबात समजू नका. कायदा तुमच्या ओळखीचा असेल, सातबारा मात्र आमच्या पद्धतीचा असतो. एका गटावर तीस-चाळीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईची, काही मयत, आणि वारस तपास झालेला नाही, हे येथे नेहमीचे आहे. विक्रेता ‘हा कोपरा माझ्या वाट्याचा’ म्हणून दाखवतो, पण पोटहिस्सा मोजून वेगळा झालेला नसतो. शिवाय तुमच्या नावावर कोठेही शेतजमीन नसेल तर कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन सरळ घेता येणार नाही. म्हणून शहरात, नगरपरिषदेच्या हद्दीतला एनए (बिगरशेती) झालेला भूखंड किंवा बांधलेले घरच पाहा, आणि जुने फेरफार तलाठ्याकडून काढून स्थानिक वकिलाला दाखवा. आंबोली, चौकुळ, गेळे येथे कोणी हवा थंड आणि भाव कमी म्हणून जागा सुचवली, तर तेथील कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक वहिवाटीतल्या जुन्या जमिनींच्या मालकीचा, प्रश्न अनेक वर्षे रखडलेला आहे, हे लक्षात ठेवून आधी मालकी विचारा.