हॅचबॅकला सायकली लावून कोकणात न्यायच्या आहेत, मदत हवी आहे

मंडळी,
डिसेंबरात पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगर, तिथून श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि बागमांडल्याच्या जेट्टीने पलीकडे उतरून केळशी-आंजर्ल्यापर्यंत, असा बेत आहे. मुक्कामाच्या गावी गाडी उभी करायची आणि किनाऱ्याकिनाऱ्याने सायकली हाणायच्या. तिकडे भाड्याने मिळतात त्यांची उंची आणि ब्रेक नशिबावर असतात, म्हणून स्वतःच्याच न्यायच्या आहेत.

गाडी साधी हॅचबॅक. टपावर रेल नाहीत, मागे ट्रेलर ओढायचा हुक नाही. मागच्या सीटची पाठ एकसंध पडते, अर्धी पडत नाही. माणसं तीन. म्हणजे सीट पाडली तर चिरंजीवांना कुठे बसवायचं?

सायकली तीन: नवऱ्याची हायब्रीड (अ‍ॅल्युमिनियम, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक), मुलाची एमटीबी (जाड टायरची, डोंगरवाटांसाठीची) आणि माझी वरचा दांडा नसलेली, बास्केटवाली. दोनच नेता आल्या तरी चालेल, पाळीपाळीने चालवू.

नवऱ्याचं म्हणणं: टपावर जुनी गादी टाकू, सायकली आडव्या ठेवू, नायलॉनची दोरी दारांतून आत घेऊन करकचून बांधू, "आमच्या काकांनी फ्रिज नेला होता असा." मला ताम्हिणीच्या वळणांवर तो फ्रिजच दिसायला लागलाय. डिकीवर पट्ट्यांनी बांधायचं कॅरिअर ऑनलाइन दिसतंय. ते आपल्या रस्त्यांवर टिकतं का? पोलीस अडवतात का? ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनीच सांगा, प्लीज.

डबलसीट:
गादी प्रकरण आजच मोडीत काढा. नायलॉन ताणलं जातं. निघताना तंबोऱ्यासारखी वाजणारी दोरी मुळशी येईपर्यंत सैल पडते. नुसता पत्रा पॅडलच्या टोकाने सहज दबतो, आणि पावसाची एक सर आली की दोरीवरून पाणी थेट गाडीत. टपावर न्यायच्याच असतील तर दोन आडवे बार आणि त्यावर सायकलची ट्रे हवी. त्याआधी गाडीच्या पुस्तिकेत टपाची वजनमर्यादा बघा, त्यात बार आणि ट्रेचं वजनही धरायचं असतं. पुस्तिकेत मर्यादा दिलेलीच नसेल तर तो नाद सोडा. हल्ली बऱ्याच गाड्यांना दिसतात त्या रेलसुद्धा नुसत्या शोभेच्या असतात.

आणि टपावर सायकल उभी केली की एकूण उंची अडीच मीटरच्या वर जाते. घरी परतल्यावर दमलेला माणूस सवयीने थेट सोसायटीच्या तळघर-पार्किंगमध्ये गाडी घालतो. पुढचं सांगत नाही.

चेनवंगण:
तुमच्या गाडीला डिकीवरचं पट्ट्यांचं कॅरिअर हाच व्यवहार्य मार्ग. मी घाटांत भरपूर वापरलंय. टिकतं, पण बांधणाऱ्याच्या हातावर आहे.

आधी डिकीचं दार नीट बघा. वरचे हुक पत्र्याच्या कडेला अडकायला हवेत. वर प्लास्टिकचा स्पॉयलर (काचेच्या वर बाहेर आलेली पट्टी) असेल तर हुक त्याला लावायचे नाहीत, आणि वरचा पट्टा त्याच्यावर दाब देत असेल तर ते कॅरिअर तुमच्या गाडीसाठी नाहीच. कॅरिअर बनवणाऱ्यांच्या गाड्यांच्या याद्या असतात, त्यात तुमचं मॉडेल शोधा. दुकानात गाडी घेऊन जा आणि लावून बघूनच पैसे द्या.

बांधण्याआधी दार आणि कॅरिअरचे पॅड ओल्या फडक्याने पुसा. रंगावर ओरखडे कॅरिअरमुळे कमी आणि पॅडखाली अडकलेल्या धुळीमुळे जास्त पडतात. पट्टे वरचे, बाजूचे, खालचे सगळे थोडे थोडे, आळीपाळीने ताणा. एकच आधी पूर्ण ओढला तर कॅरिअर तिरकं बसतं. उरलेली टोकं गाठ मारून खोचा. मोकळी सोडली तर चाकाकडे जातात. पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्याने गुणगुणतही नाही. मग कॅरिअर धरून जोरात हलवा. गाडी हलली पाहिजे, कॅरिअर गाडीवर नाही.

जड सायकल गाडीच्या बाजूला, हलकी बाहेर, तोंडं विरुद्ध दिशांना. दोन सायकलींमध्ये एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम कापून घाला. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पुढचं चाक फ्रेमला बांधाच, नाहीतर हँडल आपोआप वळून काचेवर आदळतं. टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना, हेही वाकून बघा. गरम धुराने टायर जातो. बास्केट, बाटल्या, पंप, दिवे सगळं काढून गाडीत. कव्हर घालून अजिबात निघू नका, त्याचं शीड होतं.

निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढायचे. घाट उतरल्यावर परत एकदा. पाऊण तासाचा चहा नको, दोन मिनिटांचं काम आहे.

धागाकर्ती:
चेनवंगण, खूप आभार! नवऱ्याला वाचून दाखवलं. फ्रिजवाल्या काकांचा विषय बंद झालाय. डिकीची वरची कड पत्र्याचीच आहे, स्पॉयलर नाही. पण माझ्या सायकलला वरचा दांडाच नाही, ती लटकवायची कशाला?

चेनवंगण:
सीटखालचा खांब आणि हँडलचा खांब यांच्यामध्ये अडकवायचा तात्पुरता दांडा मिळतो, टॉप ट्यूब अडॅप्टर म्हणून मागा. पण खरं सांगू? तुमच्या आकाराच्या गाडीला तीन लटकवू नका. अशी बरीच कॅरिअर सायकलमागे पंधराएक किलो धरून बनवलेली असतात. बास्केट-स्टँडसकट तुमची सायकल त्याच्या पुढे जाईल. शिवाय तिसरी सायकल दारापासून जितकी लांब, तितकी प्रत्येक खड्ड्यात पट्ट्यांवर ओढ जास्त.

नियमकानू:
पोलिसांबद्दल. माझ्या मते अडचण कॅरिअरपेक्षा नंबरप्लेटची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ५० प्रमाणे मागची प्लेट स्पष्ट दिसायला हवी. डिकीवर सायकली लावल्या की चाक नेमकं तिच्यासमोर येतं. काहीजण पुठ्ठ्यावर नंबर लिहून सायकलला लटकवतात. ती अधिकृत प्लेट नव्हे. हाय सिक्युरिटी प्लेट गाडीच्या पुढे आणि मागे बसवायची असते, तिसरी म्हणजे काचेवरचा स्टिकर. म्हणून कॅरिअरचे हात शक्य तितके वरच्या कोनात ठेवा आणि आडवं येणारं चाक काढून आत टाका.

दिव्यांचं त्याहून महत्त्वाचं. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला ब्रेक आणि इंडिकेटर दिसलेच पाहिजेत. सायकली लावून झाल्या की एकाला ब्रेक दाबायला सांगा आणि तुम्ही दहा-पंधरा पावलं मागे, दोन्ही बाजूंना उभं राहून बघा. अंधारात प्रवास टाळा. सायकलची लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास, म्हणजे चाकं गाडीच्या रुंदीएवढी किंवा थोडी बाहेर येतात. ओव्हरटेक करताना आणि दुचाकीजवळून जाताना हे डोक्यात असू द्या.

विम्याचंही बघा. गाडीच्या पॉलिसीत लटकवलेल्या सायकली धरल्या आहेत असं गृहीत धरू नका, कंपनीला लेखी विचारा.

राइनकाठ:
इकडे जर्मनीत गाडीमागच्या ट्रेलर ओढायच्या हुकाच्या गोळ्यावर बसणारं कॅरिअर सर्रास दिसतं. त्याला स्वतःचे दिवे असतात, तेरा पिनांच्या सॉकेटमधून वीज घेतात आणि नंबरची पाटीही त्याच्यावर पुन्हा लावतात, त्यामुळे वरचा गोंधळच होत नाही. ई-बाइक असेल तर बॅटरी काढून आत ठेवतात, तेवढंच वजन कमी. तुमच्या गाडीला गोळा नाही म्हटल्यावर हे सगळं कोरडं ज्ञान झालं, पण वाचणाऱ्या एखाद्याला उपयोग होईल. अजून एक, कार्बनची फ्रेम असलेल्यांनी दांड्याला चिमटा लावणारं कॅरिअर घेऊ नका. कार्बन दाबाने चिरतो आणि बाहेरून कळत नाही. चाकं धरणारं घ्या.

डबलसीट:
अजून एक पर्याय. एकाने बसने जा, सीट पाडा, दोन सायकली आत. सगळ्यात सुरक्षित, चोरीची भीती नाही. पुढची चाकं काढा, डिरेलर (चेन गिअरवर सरकवणारा भाग) वरच्या अंगाला येईल अशी आडवी ठेवा, चेनखाली जुनी चादर. हायड्रॉलिक डिस्कचं चाक काढलं की ब्रेक पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा किंवा जाड पुठ्ठ्याची घडी घाला. चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. पॅडल काढायची असतील तर डावं उलट्या आट्यांचं असतं, जोर लावण्याआधी आठवा.

धागाकर्ती:
बसने कोण जाणार यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. ठरलं असं: हायब्रीड आणि एमटीबी डिकीवर, माझी घरी. मी मुलाची चालवेन, तो तसाही सकाळी नऊच्या आधी उठत नाही. आता शेवटचा प्रश्न, जेट्टीवर गाडी बोटीत चढताना मागे घासेल का?

जेट्टीवाला:
बागमांडल्याहून पलीकडे वेश्वीला बोटीने नेहमी जातो. ओहोटीला उतार जास्त पडतो आणि बोटीच्या फळीशी कोन होतो. तुमचं कॅरिअर उंचावर आहे, त्यामुळे ट्रेलरच्या हुकावर कॅरिअर लावणाऱ्यांपेक्षा बरं. पण चाकं बंपरच्या खाली लोंबत असतील तर टेकतील. चढण्याआधी एकाला खाली उतरवा, मागून बघू द्या, आणि पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश घ्या. बोटीत गाड्या खेटून लावतात. मागच्याला आधीच सांगा की सायकली आहेत, हातभर जागा सोड. शक्य असेल तर रांगेत सगळ्यात मागे लागा. आणि मुक्कामी पोचल्यावर सायकली रात्रभर गाडीवर ठेवू नका. पट्टे कात्रीने कापले जातात, आणि खाऱ्या दमट हवेत चेनवर एका रात्रीत तांबूस गंज दिसायला लागतो. पुसून, तेल लावून खोलीत किंवा पडवीत घ्या. घरमालक सहसा नाही म्हणत नाहीत.