कोकणातले सडे: कातळशिल्पं आणि फुलं एकाच फेरीत?

सडाफिरस्ता: रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या सपाट पठारांवर, कोणत्या महिन्यात जावं? फोटोत कातळशिल्पाच्या (खडकावर कोरलेल्या चित्राच्या) रेषा उठत नाहीत, काय चुकतं?

जांभाकातळ: दोन्ही एकत्र साधणं कठीण. फुलांचा बहर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पण तेव्हा खाचांत पाणी आणि वर गवत असतं. शिल्पांसाठी डिसेंबरनंतर जा. ऊन डोक्यावर आलं की सावली पडत नाही, म्हणून रेषा सपाट दिसतात. सूर्योदयानंतरचा किंवा मावळतीआधीचा तास धरा आणि उजेड बाजूने घ्या. राजापूर तालुक्यातल्या कशेळी गावचं हत्तीचं कातळशिल्प सुमारे १८ मीटर लांब आहे. आधी बाहेरून कडेकडेने फिरून आकार समजून घ्या, मग हत्तीच्या पोटात कोरलेले प्राणी शोधा.

गेंदफूल: रेषा उठवायला चुना, खडू, रांगोळी कृपा करून नको! जांभा सच्छिद्र असतो, पूड भोकांत बसते. तारेचा ब्रशही नको, कडा झिजतात. पावसाळ्यात उघड्या खडकावरूनच चाला. माती जेमतेम काही सेंटिमीटर, तीही नत्रात गरीब. म्हणूनच दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती इथे कीटक पकडून जगतात. गाडी सड्यावर चढवली तर हा थर चाकाखाली निघून जातो.

चिरेबंदी: २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेलेली कातळशिल्पांची ठिकाणं उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, बारसू, रुंढेतळी, देवाचे गोठणे हीसुद्धा पाहा. सिंधुदुर्गातलं कुडोपीही त्यातच आहे. सडा म्हणजे पडीक जमीन समजून चिरेखाण (बांधकामासाठी जांभ्याचे चिरे काढायची खाण) सुरू झाली, तर शिल्प आणि फुलं दोन्ही एकदम जातात.