मदत हवी आहे : ती सायकलवाल्या नर्सेसची मालिका पुढे लावू की बंद करू? (तातडीचं)

ओसरी
नमस्कार. जेवणं झाली की आम्ही घरचे सगळे ती जुन्या लंडनमधली सायकलवाल्या नर्सेसची मालिका बघतो. छान चाललं होतं. परवाच्या भागानंतर सगळं बिनसलं. वहिनी रडत उठून गेली, आई एक शब्द बोलली नाही आणि दादा माझ्यावरच उखडला, असलं घरात लावायचंच कशाला म्हणून. आता आई रोज विचारते "पुढचा भाग कधी?" आणि दादा म्हणतो रिमोटला हात लावायचा नाही. ज्यांनी पूर्ण पाहिली आहे त्यांनी एवढंच सांगा, पुढेही असंच आहे का आणि कुठले भाग टाळायचे? शनिवारच्या आत हवंय. शनिवारी सगळे घरी असतात.

टिपूर
'द रॉयल' म्हणताय का? साठच्या दशकातलं यॉर्कशरमधलं हॉस्पिटल, मागे सारखी त्या काळातली गाणी? स्कारबरोला चित्रीकरण झालंय त्याचं. बिनधास्त लावा. आम्ही सासूबाईंसोबत पाहिली, रडून उठण्यासारखं फारसं काही नाही त्यात.

ओसरी
ती नाही हो. नन्स आहेत, लंडनच्या ईस्ट एंडमधलं पॉप्लर आहे. 'कॉल द मिडवाइफ'. दुसरी कुठली असणार?

शेंगदाणा चटणी
ही मालिका बघताना सबटायटल्स सुरू ठेवा. ईस्ट एंडच्या बायका कळा देतादेता बोलतात त्यातलं निम्मं कळत नाही. आमच्याकडे टीव्हीचा आवाज वाढवला की पार्श्वसंगीतच वाढायचं. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन संवादांचा आवाज वेगळा वाढवला, तेव्हा सगळं स्वच्छ ऐकू यायला लागलं.

लीड्सकर
ओसरी, कितवा सीझन आणि कितवा भाग ते सांगा. या मालिकेत साधारण एका सीझनला एक वर्ष पुढे सरकतं. सुरुवात १९५७ची आहे. त्यामुळे 'पुढे असंच आहे का' याचं उत्तर तुम्ही कुठल्या वर्षात आहात त्यावर आहे.

ओसरी
पाचव्याचा पहिला. ते बाळ.

लीड्सकर
म्हणजे १९६१, थॅलिडोमाइड. तो भाग मी एका बैठकीत पाहू शकलो नव्हतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे जर्मनीत तयार झालेलं औषध ब्रिटनमध्ये १९५८पासून 'डिस्टाव्हल' या नावाने मिळत होतं. झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी सर्रास द्यायचे. डिसेंबर १९६१मध्ये ते बाजारातून काढून घेईपर्यंत कितीतरी मुलं हातापायांची वाढ न झालेली जन्मली. मालिकेतला डॉ. टर्नर हा मुळात भला माणूस आहे, आणि त्यानेच ते भल्या हेतूने लिहून दिलेलं असतं. हा धागा पाचव्या सीझनच्या शेवटी पुन्हा येतो आणि सहाव्यातही ते कुटुंब दिसतं. तेव्हा टाळायचं तर नेमकं कशासाठी टाळायचं ते सांगा. वहिनींना एवढा त्रास का झाला?

ओसरी
वहिनीला सातवा महिना आहे. म्हणून तर विचारतेय ना.

प्राजक्त
ताई, सातव्या महिन्यात हे दाखवलंत? या दिवसांत बाईने डोळ्यांनी चांगलं पाहावं, कानांनी चांगलं ऐकावं असं आपल्याकडे उगाच सांगत नाहीत. आजपासून बंद करा. गर्भसंस्काराची गाणी लावा, बागकामाचे कार्यक्रम लावा. माझ्या दोन्ही वेळेला सासूबाईंनी घरात बातम्यासुद्धा लावू दिल्या नव्हत्या आणि दोन्ही मुलं शांत आहेत.

सरळरेषा
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. पडद्यावर काय पाहिलं यावर बाळाची घडण ठरत नाही. प्राजक्त, तुमच्या घरातल्या काळजीबद्दल आदर आहे, पण असं लिहिलं की आधीच घाबरलेली बाई स्वतःला दोष देत बसते. रोज ओपीडीत बघते मी हे. ओसरी, वहिनींना दोन गोष्टी सांगा. थॅलिडोमाइडने इजा व्हायची ती गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या आसपास, हातपाय घडत असतात तेव्हा. तो काळ केव्हाच सरला. दुसरं म्हणजे उलट्यांसाठी आपल्याकडे सहसा डॉक्सिलामाइन आणि बी-६ची गोळी देतात. तिचा याच्याशी काहीही संबंध नाही. थॅलिडोमाइड आजही वापरात आहे, पण मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग आणि कुष्ठरोगातल्या एका गुंतागुंतीसाठी, गर्भ राहणार नाही याची कडक काळजी घेऊन. त्यांनी सुरुवातीच्या महिन्यांत उलट्यांची गोळी घेतली होती का? भीती बहुतेक तिथेच आहे.

ओसरी
हो, घेतली होती. त्या रात्री तिने औषधांचा डबा काढून सगळ्या पट्ट्यांवरची नावं वाचून काढली. हे तिला आत्ताच वाचून दाखवते. पण माझा प्रश्न अजून तिथेच आहे. बाकीचे भाग?

कोरा कागद
मी सहा सीझन पाहून सोडली. मला ती खोटी वाटते. युद्धातल्या बॉम्बनी उद्ध्वस्त झालेली वस्ती, एका खोलीत आठ माणसं, संडास अंगणात. आणि पडद्यावर काय दिसतं? शुभ्र एप्रन, केक, आणि दर भागाच्या शेवटी व्हेनेसा रेडग्रेव्हच्या आवाजात प्रेमावर चार वाक्यं. गरिबी एवढी गोड दाखवणं मला पटत नाही. आपल्या चाळींबद्दल लोक असंच गहिवरून बोलतात, तेव्हा सकाळच्या नळावरची भांडणं कुणालाच आठवत नाहीत.

लीड्सकर
कोरा कागद, निवेदन अति होतं हे मान्य. पण खोटी? पहिल्याच सीझनमध्ये एक्लॅम्पसियाने, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येऊन, बाई जाते. लग्नाआधी दिवस गेलेल्या पोरींची बाळं काढून घेतात तेही दाखवलंय. एनिमा, लाज, मारकुटे नवरे, क्षयाची एक्स-रे गाडी, सगळं आहे. मूळ आठवणी लिहिणाऱ्या जेनिफर वर्थ तिथे खरोखर सुईण होत्या. मालिका जानेवारी २०१२मध्ये सुरू झाली आणि त्याच्या काही महिने आधी त्या वारल्या. पहिल्या तीन सीझननंतर जेनी, म्हणजे त्यांच्यावरूनच घेतलेली नायिका, निघून जाते आणि पुढचा भार पटकथाकार हायडी थॉमस यांच्या लेखणीवर, हे खरं. पण १९५९च्या त्या बाया मला खऱ्या वाटतात.
हळवेपणा आहे तो मला वेगळ्याच गोष्टीचा वाटतो. ५ जुलै १९४८ला इथे ब्रिटनमध्ये मोफत आरोग्यसेवा सुरू झाली. त्यानंतर नऊ वर्षांनी गोदी कामगाराच्या बायकोच्या दारात रात्री दोन वाजता शिकलेली सुईण येते आणि कुणी पैशाचं विचारत नाही. आज इथे तारखेसाठी महिनोनमहिने थांबणारी माणसं तो प्रसंग बघून गहिवरतात. त्यात मला खोटं काही दिसत नाही.

कोरा कागद
सेवा मोफत होती याबद्दल वाद नाही. पण ती मिळूनही खोलीत ओल होतीच. मालिका ती ओल दोन मिनिटं दाखवते आणि केककडे वळते. माझं मत कायम आहे.

टिपूर
मला तर वाटतं घरच्या घरी बाळंतपण हेच चांगलं होतं. माझ्या आजीची सहाही घरी झाली.

सरळरेषा
टिपूर, तुमच्या आजी सुखरूप राहिल्या याचा आनंद आहे. पण ज्या आज्या राहिल्या नाहीत त्यांची नातवंडं इथे लिहायला नाहीत. मालिकेतल्या घरच्या बाळंतपणामागे शिकलेली सुईण, रक्तदाबाची नोंद, मागे डॉक्टर आणि बोलावल्यावर येणारी गाडी अशी अख्खी व्यवस्था आहे. तरीही ब्रिटनमध्ये १९५९च्या क्रॅनब्रूक अहवालाने ७० टक्के बाळंतपणं रुग्णालयात व्हावीत असं म्हटलं आणि १९७०च्या पील अहवालाने सगळ्यांची सोय तिथे करायला सांगितलं. पुढच्या सीझनमध्ये ननांवर टाच येते ती याच बदलामुळे.

शेंगदाणा चटणी
मराठीत अशी मालिका का होत नाही? परळचं वाडिया प्रसूतिगृह १९२६चं. त्याच्या आजूबाजूला गिरणगाव, कोकणातून आलेल्या बाया, पाळीवर गेलेले नवरे. किंवा डॉ. रखमाबाई घ्या. १८९४मध्ये लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि सुरतेला, राजकोटला आयुष्यभर बायकांवर उपचार केले. नुसत्या सुरतेच्या वर्षांवर तीन सीझन होतील. आपल्याकडे मालिकेत बाळंतपण म्हणजे पाटीवरचा लाल दिवा आणि बाहेर फेऱ्या मारणारा नवरा.

प्राजक्त
याला मात्र शंभर टक्के अनुमोदन. ती मालिका मी सातव्या महिन्यातसुद्धा पाहीन.

ओसरी
कृपया मूळ प्रश्नावर या. उद्या शुक्रवार आहे. वहिनीला सरळरेषांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिला बरंच हलकं वाटलं, ती काल नीट झोपली. आता अडलंय ते आईचं. दादा म्हणतो आईलाही नको, ती त्या दिवसापासून अबोल आहे.

मावळतीकर
आई अबोल का आहेत, हे कुणीच विचारलं नाही. त्यांनी काय काम केलं आयुष्यात?

ओसरी
आई नर्स होती. नगरपालिकेच्या सूतिकागृहात, निवृत्त होईपर्यंत लेबर रूमलाच.

मावळतीकर
तरीच. मी स्वतः एएनएम, म्हणजे सहायक नर्स-सुईण म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. मी सांगते, त्या भागातलं बाळ तुमच्या वहिनींनी पाहिलं तसं तुमच्या आईने पाहिलेलं नाही. त्यांनी ती खोली पाहिली. बाळ बाहेर येतं, क्षणभर कुणी बोलत नाही, आणि 'मुलगा की मुलगी' असं बाळंतीण विचारते तेव्हा नर्सलाच तोंड उघडावं लागतं. डॉक्टर नंतर येतात. मलाही अशा दोन बायांचे चेहरे अजून आठवतात. मालिकेत पुढे अशाच दुसऱ्या एका बाळाला थंड जागी उघडं ठेवून देतात तो प्रसंग पाहून मी रात्रभर जागी होते. असं सगळीकडे घडत होतं आणि त्याबद्दल कुणी कुणाशी बोलत नव्हतं.
आईंना बंदी घालू नका. दादांना सांगा, त्या 'पुढचा भाग कधी' विचारतायत याचा अर्थ त्यांना बघायचं आहे. दुपारी, वहिनी झोपल्या की त्यांच्याबरोबर बसा. भाग संपल्यावर टीव्ही बंद करून विचारा, 'तुमच्याकडे अशा वेळी काय करायचे?' बोलतील. पायाळू बाळं कशी काढली, वार अडकली तेव्हा काय केलं, ड्रिप लावायला दिवा नव्हता तेव्हा कसं भागवलं, सगळं सांगतील. लिहून घ्या ते.

लीड्सकर
मावळतीकरांचं पटलं. आता नेमकी यादी. वहिनींसोबत बघायचं तर नाताळचे विशेष भाग निवडून लावा, ते बहुतेक सौम्य असतात. पाचव्याचा शेवटचा भाग वहिनींना नको. थॅलिडोमाइड पुन्हा येतंच, शिवाय सिस्टर इव्हँजेलिना या नन त्यात जातात. सातवा सीझन १९६३च्या कडाक्याच्या हिवाळ्यात सुरू होतो, गोड आहे, पण शेवटाकडे एक लाडकी नर्स आजाराने अचानक जाते. ते बाळंतपणाशी संबंधित नाही, तरी आधी सांगून ठेवा. आठव्यात बेकायदा गर्भपात आहे. आईंना तो जरूर दाखवा. ब्रिटनचा कायदा १९६७चा, आपला १९७१चा, म्हणजे त्या आधीच्या केसेस त्यांनी किंवा त्यांच्या इन्चार्ज सिस्टरनी पाहिल्या असतील.

कोरा कागद
मालिकेबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण मावळतीकर, तुम्ही तुमचे अनुभव वेगळ्या धाग्यात लिहा. ते मी वाचेन.

ओसरी
ठरलं. दुपारी मी आणि आई, रात्री सगळ्यांसाठी नाताळचे भाग. दादाला मावळतीकरांचा प्रतिसाद पाठवला, त्याने रिमोट परत दिला. आईला आजच विचारलं. पाऊण तास बोलत होती. तिच्याकडून एक प्रश्न आहे. ती म्हणते, त्या बायकांना कळांमध्ये तोंडाला लावायला मुखवटा देतात त्यात काय असतं? त्यांच्याकडे असलं काही नव्हतं.

सरळरेषा
नायट्रस ऑक्साइड, भुलीतला हसवणारा वायू. सुरुवातीच्या सीझनमध्ये तो हवेत मिसळून देणारं पेटीसारखं यंत्र आहे. साठच्या दशकाच्या मध्यापासून सुईणी तो ऑक्सिजनमध्ये मिसळून द्यायला लागल्या, ते जास्त सुरक्षित. मुखवटा बाईने स्वतःच धरायचा असतो. गुंगी आली की हात आपोआप खाली येतो आणि जादा वायू जात नाही. आईंना नमस्कार सांगा.