सिझरनंतर पाळी परत आली, पण पाचव्या दिवशी जायचं नाव घेत नाही

घाटकंडक्टर

मी एसटीत कंडक्टर आहे, कराड-चिपळूण. मुलगा १३ महिन्यांचा, सिझरचा. डिलिव्हरीचं रडगाणं गायला आले नाही, विचारायचं आहे ते पाळीचं.

लग्नाआधीपासून माझी पाळी घड्याळावर चालायची. चार दिवस, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की विषय संपला. तारखा बघून मी ड्युटीसुद्धा बदलून घ्यायची. कुंभार्ली घाटात गाडी बंद पडली तर बाईमाणसानं जायचं कुठं?

सिझरनंतर अंगावरून जाणं पाच आठवडे चाललं. आठ-दहा दिवस लाल, मग गुलाबी-तपकिरी, शेवटी पांढरट. सासूबाई म्हणायच्या, सिझरवालीला एवढं जात नसतं, डॉक्टर आतून पुसून घेतात. त्या म्हणायच्या आणि मी पॅड संपवायची. मग सगळं बंद. पहिले सहा महिने बाळ नुसतं माझ्या अंगावर, पाण्याचा थेंब दिला नाही. पाळीचा पत्ता नव्हता आणि खरं सांगू का, मजेत होते.

सातव्या महिन्यात ड्युटीवर रुजू झाले. पहाटे पाजून निघायचं ते एकदम संध्याकाळी. आठव्या महिन्यात एका दुपारी हेळवाक सोडलं आणि ओळखीची कळ आली. तिकिटं फाडायची थांबवता येत नाहीत, गाडी भरलेली. चिपळूण येईपर्यंत माझं काय झालं ते बायकांना सांगायला नको. ती पहिली पाळी म्हणजे दोन दिवस नुसता पूर, करवंदाएवढ्या गाठी. दुसऱ्या खेपेपासून जोर पहिल्यासारखाच झाला. पण आता पाचव्या दिवशी थांबतं कुठं? पाचव्यापासून बाराव्या दिवसापर्यंत तपकिरी, जुन्या रक्तासारखं, थेंब-थेंब. वास नाही, ताप नाही. पॅड भरत नाही आणि काढताही येत नाही. सीटवर बसून बसून जांघा सोलवटल्या. पाच पाळ्या झाल्या, पाचही अशाच.

सासूबाईंचं ठरलंय: शेक नीट झाला नाही, धुरी घेतली नाहीस, घाण आत राहिली ती आता पडतेय. त्या दिवसांत बाळाला अंगावर घेऊ नको, दूध नासतं, असंही. एका दवाखान्यात दाखवलं. त्यांनी तोंडाकडेही न बघता लोहाच्या गोळ्या लिहिल्या आणि "होईल हळूहळू" म्हणाले. डेपोतली एक मैत्रीण म्हणते, पाजतेयस तोवर दिवस जात नाहीत, निवांत राहा. मी तेच धरून चाललेय. बरोबर आहे का हे सगळं? कुणाला सिझरनंतर असं झालंय का?


जुळ्यांची_आई

माझी तर सातव्या आठवड्यातच आली. जुळी लवकर झालेली, पेटीत होती, मला दूध जेमतेम, वरचं सुरू केलेलं. डॉक्टर म्हणाल्या, अंगावर न पाजणाऱ्यांना दीड-दोन महिन्यांत येतेच. माझ्या धाकट्या जावेचंही सिझर, तिनं पोटभर पाजलं, तिची १४ महिन्यांनी आली. दोघींच्या पोटावर टाके सारखेच. म्हणजे कधी येणार ते टाके ठरवत नाहीत, दूध ठरवतं. तुमचं तपकिरीचं मात्र मला माहीत नाही, झालं नाही तसं.


घरचा_वैद्य

ताई, सासूबाईंचं अगदीच चूक नाही. आपल्या आज्या सव्वा महिना शेक-शेगडी घेत होत्या, त्यांना कुठे होत्या या तक्रारी? बाळंतकाढा घ्या, ओवा-बाळंतशोपाची धुरी घ्या. गर्भाशय साफ होईल.


जुनी_सिस्टर

आज्यांच्या पोटावर सिझरचे टाके नव्हते हो. आणि तक्रारी होत्या, त्या न्हाणीघराबाहेर येत नव्हत्या एवढंच. मी ३१ वर्षं लेबर रूम आणि ऑपरेशन थिएटरमध्ये काढली, आता कोकणात आंब्याची कलमं बघते. शेकाला माझा विरोध नाही, कंबर सुखावते. ताज्या टाक्यांवर शेगडीची धग मात्र नको, खालच्या कातडीला बधिरपणा असतो, भाजलेलं कळत नाही. आणि १३ महिन्यांनी धुरी घेऊन आतलं काही धुतलं जात नाही.

आता कंडक्टर, तुझ्याकडे येते.

अंगावरून जाणं सिझरवालीलाही असतंच. वार जिथं चिकटलेली होती तिथं जखम राहते, ती भरताना हे वाहतं. बाळ वरून काढा की खालून, वार तिथलीच. आतून पुसून घेतात हेही खरं, त्यामुळे काहींना थोडं कमी जातं. तुझे पाच आठवडे आणि लाल-तपकिरी-पांढरा हा क्रम अगदी पुस्तकातला आहे.

पाळी लांबली ती पाजण्यामुळे. बाळ ओढतं तेव्हा प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढलेलं राहतं आणि बीजकोशाला वरून, मेंदूतून, हुकूम जात नाही. तू दिवसभर घाटात, दोन पाजण्यांमध्ये दहा-बारा तासांची फट पडली, हुकूम सुटला. सातव्यात ड्युटी, आठव्यात पाळी, यात नवल नाही. पहिली पाळी जोराची आणि गाठींची येणं हेही पुष्कळदा बघितलंय. मात्र कुणीही वाचत असाल तर ध्यानात ठेवा: तासाला एक पॅड भिजतोय आणि असं लागोपाठ दोन तास चाललंय, किंवा चक्कर, ताप, घाण वास आहे, तर घरी थांबू नका.

तपकिरी थेंबांचं सांगते. सिझरमध्ये गर्भाशय खालच्या बाजूला आडवं कापतात आणि शिवतात. शिवण भरताना काहींच्या आतल्या बाजूला खाच राहते, वाटीच्या काठावर पोचा पडावा तशी. पाळीचं रक्त त्या खाचेत साचतं आणि मुख्य स्राव थांबल्यावर निवांत झिरपत राहतं. साचून जुनं झालेलं, म्हणून तपकिरी. डॉक्टर याला निश किंवा इस्थमोसील म्हणतात. कित्येकींना खाच असते आणि आयुष्यभर पत्ता लागत नाही. काहींना तुझ्यासारखे आठ-आठ दिवस.

तुला तेच आहे असं मी इथून म्हणत नाही. तपकिरीची इतरही कारणं आहेत. आधी डिस्चार्ज कार्ड काढ आणि तांबी बसवल्याचं लिहिलंय का वाच. सरकारी दवाखान्यात सिझरच्या वेळीच, वार काढल्यावर तांबी बसवतात. विचारून, सही घेऊन बसवतात, पण त्या गडबडीत बाईला नंतर आठवतंच असं नाही, आणि सिझरमध्ये बसवलेल्या तांबीचा दोरा पुष्कळदा वरच राहतो, हाताला लागत नाही. तांबीनं पाळी वाढते. शिवाय पॉलिप म्हणजे आतल्या अस्तराचा मऊ कोंब, जंतुसंसर्ग, थायरॉइड. आणि हो, दिवस राहिलेले. हसू नको, ती तपासणी सगळ्यात आधी करतात.

जायचं स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, आणि मागायची ती आतून करायची सोनोग्राफी. पोटावरून केलेलीत ही खाच सुटते. तपकिरी चालू असतानाच किंवा पाळी सरल्या-सरल्या गेलीस तर खाचेत पाणी असतं, ती उठून दिसते. "सिझरच्या व्रणाची जागा बघा, वरचा स्नायू किती उरलाय ते मोजा" असं तोंडानं सांग. सोबत हिमोग्लोबिन आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. लोहाच्या गोळ्या चालू ठेव, चहाबरोबर घेऊ नको.

दूध नासत नाही. पाळीच्या एक-दोन दिवस आधी थोडं कमी वाटतं, बाळ किरकिरतं, स्तनाग्रं हुळहुळतात. पाजत राहायचं.

आता मैत्रिणीचं निवांत. पाजण्यानं दिवस जात नाहीत, हे तीन अटींवर: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, नुसतं अंगावरचं दूध, आणि पाळी आलेली नाही. तिन्ही जुळल्या तर फार भरवशाचं आहे. तुझ्या तिन्ही मोडल्यात. आणि जिची अजून आलीच नाही तिनंही ऐका, बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर पंधरा दिवसांनी. पाळी न येताच दुसऱ्यांदा राहिलेल्या बायका मी दर पावसाळ्यात बघितल्यात. दोन बाळंतपणांत जागतिक आरोग्य संघटना बाळ झाल्यापासून पुढचे दिवस राहीपर्यंत २४ महिने सांगते. शिवणीवरच्या गर्भाशयाला तर ते हवेतच. तोवर निरोध वापरा. दिवस राहू नयेत म्हणून ‘अंतरा’ नावाचं इंजेक्शन किंवा ‘छाया’ गोळी सरकारी केंद्रात फुकट आहे, दोन्ही पाजणाऱ्या बाईला चालतात, पण ‘अंतरा’ इंजेक्शननं कधीही डाग लागतात आणि छायानं पाळी लांबते. आधी सोनोग्राफी होऊ दे, नाहीतर कशानं काय होतंय ते कळायचं नाही.


घरचा_वैद्य

मी आपलं अनुभवातून सांगितलं. असो.


जुनी_सिस्टर

अनुभव कुणाचा ते विचारत नाही. अळिवाची खीर मात्र तुमच्याकडची खाईन.


सांगलीची_मास्तरीण

कंडक्टर ताई, वाचताना अंगावर काटा आला. माझे दोन वर्षं हेच. मी शाळेत गडद साड्याच नेसायला लागले होते. नवऱ्याला वाटे मी टाळतेय, आणि त्या डागांच्या दिवसांत मी टाळतच होते. दुसरं मूल राहीना तेव्हा तपासण्या झाल्या आणि खाच सापडली. साचलेलं रक्त गर्भाशयात परत चढतं, त्यानंही गर्भ रुजायला अडचण येते, असं तेव्हा कळलं.

माझी दुर्बिणीनं आतून घासून कड सपाट केली. त्याआधी खाचेवरचा स्नायू मोजला होता. तो फार पातळ असता तर आतून घासता आलं नसतं, लगेच वर लघवीची पिशवी असते, मग पोटातून दुर्बीण घालून शिवावं लागतं. सकाळी गेले, रात्री घरी. आठ दिवसांचे डाग दोनवर आले. पूर्ण गेले नाहीत, खोटं कशाला सांगू. ज्यांना लगेच मूल नको त्यांना आधी गोळ्या किंवा हार्मोनची तांबी सुचवतात. माझी घाई होती म्हणून मी ऑपरेशनला गेले.


पाटण_माहेर

विषय थोडा वेगळा, पण सिझर आणि पाळीचाच. माझ्या टाक्याच्या डाव्या टोकाला सुपारीएवढी गाठ झाली. दर पाळीला ती ठणकायची, पाळी गेली की गप्प. सगळे म्हणायचे टाक्याची गाठ आहे, तेल चोळ. मी चोळलंही! दीड वर्षानं एका सर्जननं तारखा विचारल्या आणि लगेच ओळखलं. गर्भाशयाच्या अस्तराचे कण टाक्यात रुजलेले, ते पाळीबरोबर तिथंही सुजायचे. कापून काढली. टाक्याजवळची गाठ तारखेनं दुखत असेल तर चोळत बसू नका.


जुळ्यांची_आई

तारखा लिहून ठेवण्याचं खरंच महत्त्वाचं दिसतंय. मी दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवरच खुणा करते.


घाटकंडक्टर

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. सुट्टी मिळेना.

सिस्टर, कार्ड काढलं, तांबीचं काही नाही. दिवस राहिलेले नाहीत, पण ती पट्टी तपासताना दोन मिनिटं माझा जीव तळहातावर होता. त्याच दिवशी येताना स्टँडसमोरच्या मेडिकलमधून निरोध घेतले, दुकानदारानं कागदात गुंडाळून दिले जणू मी दारूच नेतेय.

सोनोग्राफी आतून केली, सातव्या दिवशी, डाग चालू असतानाच. डॉक्टर बाई स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवत होत्या. व्रणाच्या जागी खाच आहे, ४ मिमी खोल, काळी, तिकोनी, समोशासारखी. वरचा स्नायू ६ मिमी उरलाय, तो चांगला म्हणाल्या. आत्ता ऑपरेशन नको, मूल हवं असेल तेव्हा परत बघू. तीन महिने गोळ्या दिल्यात, बाळ सहा महिन्यांच्या पुढचं आहे म्हणून चालतील म्हणाल्या. त्यानं दिवसही राहत नाहीत आणि डागही कमी होतील असा अंदाज. हिमोग्लोबिन ९.४. म्हणजे लोहाच्या गोळ्या लिहिणारे तेवढ्यापुरते बरोबर होते. चहा आता गोळीनंतर दोन तासांनी, ते सगळ्यात अवघड जातंय.

मास्तरीणबाई, गडद साड्यांचं वाचून रडू आलं. आमचा युनिफॉर्म खाकी, त्यात काही लपत नाही.

सासूबाईंना रिपोर्टचा फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत बसल्या. मग विचारलं, "ह्यात माझा शेक कुठं चुकला ते दिसतंय का गं?" नाही म्हटलं, शेकाचा संबंधच नाही, शिवण तशी भरली. त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाल्या की त्यांनाही धाकट्या दिरांच्या वेळेनंतर असंच काहीतरी वर्षभर चाललं होतं, पण त्यांचं सिझर नव्हतं, आणि कुणाला सांगितलं नाही. सिस्टर, ते काय असेल?

उद्या पहाटेची चिपळूण आहे. रात्री येऊन वाचते.