मदत हवी आहे: भाजल्याच्या जुन्या वणातील त्वचेचा कर्करोग
माझ्या सासऱ्यांच्या (वय 68) पोटरीवर लहानपणी भाजल्याचा वण आहे. त्यावर झालेली जखम मलमपट्टी आणि अँटिबायोटिक्स देऊनही भरेना, म्हणून पुण्यातच बायोप्सी केली. अहवालात स्क्वेमस सेल कार्सिनोमा (त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार) आले आहे. एक्स-रेमध्ये हाड सुरक्षित दिसते, आणि मधुमेह गोळ्यांनी आटोक्यात आहे.

हा कर्करोग वेळीच काढला की बहुधा बरा होतो, असा धीर सगळेच देतात (आणि ते खरेही आहे). परंतु गाठ 2 सेंटिमीटरपेक्षा मोठी असणे, ती खोलवर जाणे, मज्जातंतूंभोवती कर्कपेशी आढळणे, प्रतिकारशक्ती दबलेली असणे किंवा तो जुन्या वणातून उद्भवणे, यांमुळे तो आक्रमक होण्याचा धोका वाढतो, असे वाचनात आले. आमची गाठ 3 सेंटिमीटरची आहे, आणि मज्जातंतूंबद्दल अहवालात अवाक्षर नाही.

शस्त्रक्रिया ठरली असल्याने पर्यायी उपचार कृपया सुचवू नयेत. जांघेतील लसिका ग्रंथी (लिम्फ नोड्स, जिथे हा कर्करोग पसरू शकतो) हाताला लागत नसल्या तरी आधी सोनोग्राफीचा आग्रह धरावा का? आणि मज्जातंतूंसाठी बायोप्सीच्या स्लाइड्स दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्याव्यात, की ते संपूर्ण गाठ काढल्यावरच नीट कळते?