तातडीने मदत हवी: निशाणी ५ च्या युक्तिवादातले दोन निवाडे सापडत नाहीत

कोर्टाची_पायरी
परवा सुनावणी आहे म्हणून थेट मुद्द्यावर येतो. निशाणी ५ म्हणजे दाव्यातला तात्पुरत्या मनाईचा अर्ज, त्याच्या लेखी युक्तिवादात चार निवाडे दिलेत. दोन मिळाले, दोन काही केल्या मिळत नाहीत. एक महाराष्ट्र लॉ जर्नलमधला, २०१९ चा, औरंगाबाद खंडपीठाचा. दुसरा सर्वोच्च न्यायालयाचा. पक्षकारांची नावं, वर्ष, पान, सगळं आहे. बार लायब्ररीत खंड काढला तर त्या पानावर भाडेकरूच्या भांडणाचा निकाल. कुणाकडे पेड सॉफ्टवेअर असेल तर पीडीएफ काढून द्या, नावं व्यनि (खासगी निरोप) करतो. ज्ञान नको, वेळ नाहीये.

घाटमाथा
वादीकडून आहात की प्रतिवादीकडून? युक्तिवाद दाखल झालाय की अजून मसुदाच आहे?

कोर्टाची_पायरी
वादीकडून. दाखल झालाय, गेल्या तारखेला. त्याने काय फरक पडतो?

घाटमाथा
सगळाच.

जुना_कारकून
खंड चुकला असणार. लॉ जर्नलचे वर्षाला अनेक खंड निघतात आणि पानांचे आकडे प्रत्येकात नव्याने सुरू होतात. टायपिस्ट कंसातला खंडाचा आकडा खातात. मी एकोणतीस वर्षं हेच पाहिलंय. मागचे-पुढचे सगळे खंड काढा.

कोर्टाची_पायरी
काका, त्या वर्षाचे सगळे काढले. नाही.

नेटकरी_वकील
पेड सॉफ्टवेअरची गरजच नाही. सर्वोच्च न्यायालयाचा रिपोर्टेड निवाडा ई-एससीआरवर, म्हणजे त्यांच्याच ऑनलाइन संग्रहात, फुकट मिळतो, जानेवारी २०२३ पासून. पक्षकाराच्या नावाने शोधा. उच्च न्यायालयाचा असेल तर कोर्टाच्या साइटवर. आणि कृपया सांगा, हे निवाडे तुम्हाला दिले कुणी?

सातबारा_पीडित
वकील मंडळी जमलीच आहेत तर विचारतो. आमच्या चुलत्याने वडिलांच्या माघारी फेरफार करून घेतला. तलाठी म्हणतो प्रांताकडे जा. मनाई मिळेल का?

घाटमाथा
@सातबारा_पीडित वेगळा धागा काढा हो. धागाकर्ते, निवाड्यांचा उगम सांगा. तुम्ही ते टाळलंत.

कोर्टाची_पायरी
टाळलं नाही, कोर्टात होतो. सिनियरांनी दोन दिवसांत युक्तिवाद मागितला. सामाईक जमिनीत वाटपाआधीच भाऊ बांधकाम करतोय, अशी केस. मसुदा चॅटजीपीटीकडून करून घेतला. पण आंधळेपणाने नाही टाकला. त्याला परत विचारलं, हे निवाडे खरे आहेत ना? हो म्हणाला. शिवाय ते आपल्या केसला इतके चपखल बसत होते की शंकाच आली नाही.

नेटकरी_वकील
चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी हेच केलं होतं. विमान कंपनीविरुद्धचा दावा, माता विरुद्ध एव्हियांका. सहा निवाडे, सहाही नसलेले. त्यांनीही यंत्रालाच विचारलं होतं खरे आहेत का. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. आपल्याकडचं हवं असेल तर ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक आयकर निर्धारणेचा आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्याने आधाराला घेतलेले निवाडे सापडलेच नाहीत. म्हणजे तुम्ही एकटे नाही. याने समाधान मानू नका.

साधं_यंत्र
वकील नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे. लोकांना वाटतं ते शोधतं. शोधत नाही, पुढचा शब्द कोणता शोभेल ते बघून वाक्य रचतं. निवाड्याच्या नावाचा साचा ठरलेला असल्यामुळे ते हुबेहूब रचता येतं. ‘खरे आहेत ना’ याला ‘हो’ हेच शोभणारं उत्तर. आता इंटरनेटवर शोधणारी साधनंही आहेत, पण तीही चुकतात. उपाय सोपा आहे: आधी खरे निवाडे तुम्ही उतरवा (डाउनलोड करा), त्यांच्या पीडीएफ त्याला द्या आणि फक्त यातूनच परिच्छेद क्रमांकासह सांग म्हणा. आमच्या ऑफिसात करार असेच तपासतो, दिवसाचं काम तासावर आलंय.

जुना_कारकून
तुमच्या ऑफिसात समोर न्यायाधीश बसलेले नसतात. पूर्वी ज्युनियर चार तास लायब्ररीत धूळ खायचा आणि एक शोधताना दहा निवाडे वाचून निघायचा. आता धूळही नाही आणि वाचनही नाही.

साधं_यंत्र
काका, पूर्वीही अख्ख्या निवाड्यापेक्षा हेडनोट, म्हणजे वर छापलेला सारांश, जास्त वाचली जायची. माझ्या मेहुण्याच्या तोंडचं वाक्य आहे, तोही वकीलच.

जुना_कारकून
हेडनोट चुकीची असली तरी खाली निवाडा असायचा!

लातूरची_आई
अवांतर: मुलगी यंदा पाच वर्षांच्या एलएलबीची सीईटी देतेय. हे सगळं वाचून धास्ती वाटतेय. घालावं का या फील्डमध्ये?

नेटकरी_वकील
ताई, खुशाल घाला. भाषांतर, टायपिंग, तारखांची जुळवाजुळव, ही कामं जाताहेत. सर्वोच्च न्यायालयाकडे २०१९ पासून सुवास नावाचं भाषांतराचं सॉफ्टवेअर आहे. पण यंत्र ‘लीव्ह ग्रँटेड’चं, म्हणजे अपिलाला परवानगी दिली याचं, ‘रजा मंजूर’ करतं, तेव्हा ते वाचून दुरुस्त करायला माणूस लागतोच.

घाटमाथा
मूळ मुद्द्यावर या. धागाकर्ते, युक्तिवादाखाली सही कुणाची?

कोर्टाची_पायरी
सिनियरांची. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

बिनधास्त_बोल
सांगूही नका. परवा तोंडी युक्तिवादात त्या दोन निवाड्यांचं नावच काढू नका. विरुद्ध बाजूचा वकील कशाला शोधायला जातोय? निशाणी ५ ला निवाडे वाचतो कोण?

नेटकरी_वकील
@बिनधास्त_बोल असले सल्ले स्वतःच्या वकिलीच्या सनदेवर द्या. न्यायाधीशांनी आदेशात त्यातला एक जरी उचलला, तर अपिलात तो आदेश आणि सिनियर दोघेही उघडे पडतील.

घाटमाथा
आज रात्रीच सिनियरांकडे जा, फोनवर नको. त्यांना परवा भर कोर्टात कळलं तर ते वाईट. मग पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, द्या: अमुक दोन निवाडे तपासणीत आढळून आले नाहीत, ते मागे घेतो, दिलगीर आहोत. कायद्याचा मुद्दा त्याने पडत नाही. प्रथमदर्शनी केस, सोयीचा तोल आणि भरून न निघणारं नुकसान या मनाईच्या तिन्ही कसोट्यांसाठी दलपत कुमार विरुद्ध प्रल्हाद सिंग, (१९९२) १ एससीसी ७१९ आहे. तो मात्र माझ्यावरही विश्वास न ठेवता स्वतः उतरवून वाचा. आणखी एक. दावा जसाच्या तसा त्या चॅटमध्ये टाकला होतात का? पक्षकारांची नावं, आधार नंबर?

कोर्टाची_पायरी
हो. दाव्याची पीडीएफच दिली होती. सातबारा, वारसांची माहिती, सगळं.

घाटमाथा
अशिलाने विश्वासाने दिलेली माहिती ती. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ वाचा, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याचं १२६. तो चॅट काढून टाका आणि पुढच्या वेळी नावाच्या जागी वादी, प्रतिवादी लिहा. फुकटच्या खात्यात तर नकोच.

सातबारा_पीडित
माझा फेरफार राहिलाच.

कोर्टाची_पायरी
(दुसऱ्या दिवशी) काल रात्री गेलो होतो. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग चारही निवाडे मागितले. सापडलेल्या दोघांतला एक प्रतिवादीच्याच बाजूचा निघाला, मी परिच्छेद अर्धाच वाचला होता. तोही काढला. पुरसीस मी लिहिली होती, ‘नजरचुकीने नमूद झाले’. त्यांनी ‘नजरचुकीने’ खोडून ‘न तपासता’ केलं आणि सही केली. दलपत कुमार उतरवलाय, वाचतोय.

घाटमाथा
पुरसिशीची प्रत विरुद्ध वकिलांना उद्या पुकारा होण्याआधी द्या, पोच घ्या.