आधीचे गुन्हे कोर्टापुढे यावेत का?

रोखठोक: दुसऱ्या धाग्यावर एकाने लिहिलंय, 'चार गुन्हे दाखल असलेल्याने पाचवाही केलाच असणार, मग कोर्टाला ते सांगायला बंदी कशाला?' वाचून डोकं फिरलं. बंदी हवीच. 1872 च्या पुरावा कायद्यात ती कलम 54 मध्ये होती, त्याच्या जागी आलेल्या नव्या साक्ष्य अधिनियमात 49 मध्ये आहे. आरोपीने स्वतःहून चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला, तरच सरकारी पक्षाला उत्तरादाखल वाईट चारित्र्य काढता येतं. पाचव्या गुन्ह्याला पुरावा पाचव्याचाच लागतो. नाहीतर तपास कोण करणार? यादीतला नेहमीचा माणूस उचलला की काम संपलं!

तिसरा बाक: पुस्तकी बोलणं सोपं आहे. आमच्या घरफोडीतला आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. आधी दोनदा शिक्षा झालेली होती, हे आम्हाला नंतर कळलं. आई आजही रात्री उठून कडी तपासते.

रोखठोक: वाईट वाटलं. पण त्या दोन शिक्षांवरून तुमच्या घरात तोच शिरला हे कसं ठरतं? बोटांचे ठसे, जप्त माल, काय होतं? चोरीचा इतर बराच माल त्याच वेळी त्याच्याकडे सापडला असता, तर माल चोरीचा असल्याची जाणीव दाखवायला तो पुरावा चालला असता. तपास कच्चा राहिला, त्याचा राग या कलमावर काढू नका.

सांजवेळ: आरोपीच्या चारित्र्याची एवढी काळजी, आणि फिर्यादी बाईचं काय? बलात्काराच्या खटल्यात ती 'अनैतिक चारित्र्याची' आहे असं दाखवून तिची साक्ष मोडायची मुभा त्याच जुन्या कायद्याचं कलम 155(4) देत होतं, तेही 2002 संपेपर्यंत! संमतीच्या प्रश्नात तिचा पूर्वेतिहास गैरलागू, हे सांगणारं कलम 53अ आलं 2013 मध्ये. त्यानंतरच्या विनयभंगाच्या केसमध्ये माझ्या बहिणीला विचारलं, 'रात्री किती वाजता घरी येता?' न्यायाधीशांनी अडवलं, पण तोवर ती रडायला लागली होती.

तिसरा बाक: विषय आरोपीचा आहे. प्रत्येक धागा तिकडेच न्यायचा का?

सांजवेळ: तुमची आई चालते, माझी बहीण नाही?

रोखठोक: सांजवेळ विषयाला धरूनच बोलतायत. माणूस कसा आहे यावरून घटना ठरवायची, ही खोड दोन्हीकडे एकच.

उलटतपास: बचावाची बाजूही ऐका. उलटतपासणीत प्रश्नच विचारायचे नाहीत तर खोट्या केसमधल्या माणसाने जायचं कुठे?

सांजवेळ: घटनेबद्दल हजार प्रश्न विचारा. ती घरी कधी येते त्यावर विनयभंग ठरत नाही.

उलटतपास: तो प्रश्न गैर होता, मान्य. सगळे वकील तसे नसतात.

तिसरा बाक: दाखल गुन्ह्यांचं एक वेळ सोडतो, खोटेही असतात. पण सिद्ध झालेली शिक्षा तरी मोजा.

रोखठोक: दोषी ठरल्यावर शिक्षा किती द्यायची, तेव्हा ती मोजतातच. ठरायच्या आधी नाही.

तिसरा बाक: ठीक. आईला मात्र हे मी सांगू शकणार नाही.